चौथं पान

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शूर समजायला नको. इंग्लंडमध्ये लीड्सला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि कशाकशाला घाबरत होते त्याची यादी केली तर हे प्रकरण तिथेच संपेल. दुमजली बसच्या वरच्या मजल्याला, शाळेच्या डायनिंग हॉलमध्ये ट्रे घेऊन उभं राहायला, फोडणी टाकली की बोंबलणाऱ्या स्मोक अलार्मला, आणि घरातला फोन उचलायला, कारण पलीकडचं माणूस यॉर्कशरचं इंग्रजी बोलायचं आणि मी नागपूरच्या कॉन्व्हेंटचं. आई मात्र कशाला घाबरायची नाही, किंवा घाबरत असेल तर दाखवायची नाही. हॉस्पिटलच्या लॅब ऑफिसात तिची मुलाखत झाली तेव्हा तिला विचारलं होतं, आमचा अमुक कॉम्प्युटर प्रोग्राम येतो का, आणि ती बिनधास्त येतो म्हणून आली. तो प्रोग्राम तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. घरी येऊन तीन दिवस बाबांना समोर बसवून तो शिकली, आणि महिन्याभरात बाकीच्या बायका तिला अडलेलं विचारू लागल्या. तेव्हापासून आमच्या घरात तोच कायदा झाला. विचारलं की येतं म्हणायचं, मग शिकायचं. आमच्या ओळखीतल्या सगळ्याच मराठी घरांत तो थोडाफार होता. ‘नाही येत’ म्हटलं की इथे दार बंद होतं, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाबा सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचे, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटायची नाही. वर्तमानपत्र वाचताना पेन्सिल हातात असायची. पण संध्याकाळी कोट काढून हार्मोनियम पुढ्यात ओढली की माणूस वेगळाच व्हायचा. ती पेटी नागपूरहून आईच्या दोन साड्यांत गुंडाळून, आमचे कपडे कमी करून आणली होती. तिच्यावर मी पाच वर्षांची असल्यापासून वाजवत होते. कुणी शिकवलं असं नाही. बाबा वाजवायचे, मी ऐकायची, आणि मग माझी बोटं तिथे जायची. एकदा ऐकलेलं मला राहायचं, एवढंच. घर तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातलेल्या कपड्यांचा ओलसर वास, आईच्या झुणक्याचा वास आणि पेटीचा भाता, हे आमचं घर. खिडक्यांना दुहेरी काचा नव्हत्या, त्यामुळे आम्ही काय खातो आणि काय वाजवतो हे आमच्या चढावाच्या अख्ख्या गल्लीला कळायचं.

तसंच ते मिसेस थॉर्नलींना कळलं. आमच्यापासून वर चौथं घर. सत्तरी ओलांडलेली, उंच, पुरुषी बूट घालणारी बाई. एक दिवस तिनं दार ठोठावलं आणि पेटी कोण वाजवतं म्हणून विचारलं. आईनं मला पुढे ढकललं. बाईंनी मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, माझ्याकडे पियानो आहे, शनिवारी ये. मग एकच प्रश्न विचारला, तुला नोटेशन वाचता येतं का? पाच रेघांवरचे ते काळे ठिपके मी शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात लांबून पाहिले होते, तेवढीच आमची ओळख. मी आईकडे पाहिलं. आईनं मान सुद्धा हलवली नाही, पण मला तिचा कायदा ऐकू आला. मी म्हटलं, येतं.

पुढची दोन वर्षं मी त्या एका शब्दावर काढली. ‘मग शिकायचं’ हा कायद्याचा दुसरा भाग माझ्याकडून झाला नाही, कारण गरजच पडली नाही. मिसेस थॉर्नलींची पद्धत अशी की नवा तुकडा आधी त्या स्वतः वाजवून दाखवायच्या, दोनदा, तीनदा, कारण मुळात त्यांना वाजवायला फार आवडायचं. मी मागे उभी राहून बोटं बघायची आणि ऐकायची. घरी येऊन पेटीवर उजवा हात घोटायचा, डावा हात जेवणाच्या टेबलावर आपटायचा. पुढच्या शनिवारी कागद समोर ठेवून, त्याच्याकडे डोळे लावून, सगळं पाठ वाजवायचं. पान कुठे उलटायचं तेही मी पाठ केलं होतं. अधूनमधून त्या खुर्चीतून म्हणायच्या, सतराव्या बारपासून घे, म्हणजे उभ्या रेघांमधल्या सतराव्या खणापासून. की मग मला शिंक यायची, बुटाची लेस सुटायची, नाहीतर सुरुवातीपासून घेतलं तर भाव चांगला येतो असं काहीतरी मी सांगायची. त्यांना ते पटायचं. आज आठवलं की लाज वाटते, आणि थोडं कौतुकही वाटतं, खोटं कशाला बोलू.

कौतुक आज वाटतं. तेव्हा फक्त भीती होती. कारण माझ्या तासाआधी जेसिका नावाची मुलगी त्यांच्याकडे यायची, आणि सराव न करता केला म्हणाली हे उघडकीला आलं त्या दिवशी बाईंनी पियानोचं झाकण हलकेच बंद केलं आणि तिला कोट हातात दिला. मी तेव्हा हॉलवेत माझी पाळी येण्याची वाट बघत बसले होते. ओरडणं नाही, काही नाही. जेसिका पुन्हा आली नाही. माझं प्रकरण तर सरावाच्या खोटेपणापेक्षा कितीतरी मोठं होतं. आणि एव्हाना त्या पियानोवाचून मला जगता येत नव्हतं. बाईंनी मला घराची किल्ली दिली होती, शाळेतून येताना तास-तास वाजवत बसायची मुभा दिली होती. माझं खोटं कळलं की ती किल्ली जाणार, पियानो जाणार, हे मला रोज त्यांच्या दारात किल्ली फिरवताना आठवायचं.

त्या घरात आणखी एक बाई राहायची, मेलेली. एलायझा वेदरबी. शंभरेक वर्षांपूर्वीची अमेरिकन पियानोवादक आणि संगीतकार. तिचं चरित्र मिसेस थॉर्नली वीस वर्षं लिहीत होत्या, बुटांच्या खोक्यांत कागद साठवून. जगात कुणालाही न आठवणाऱ्या त्या बाईबद्दल त्या अशा बोलायच्या की वाटावं काल तिच्याकडे जेवून आल्यात. एलायझा पाद्र्याची मुलगी, गिरण्यांच्या गावातली. बाप पियानोला कुलूप लावायचा, म्हणून तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर खडूनं पट्ट्या काढल्या आणि त्यावर मुकाट्यानं वाजवायला शिकली. लग्न झालं लाकडाच्या व्यापाऱ्याशी. त्यानं अट घातली की चर्च सोडून परक्यांसमोर वाजवायचं नाही. मग ही बया घरात बसून लिहायला लागली. छापताना नाव नुसतं ‘ई. वेदरबी’, आणि पेपरवाले ‘मिस्टर वेदरबींच्या दमदार हाताची’ वाहवा करायचे. हे सांगताना मिसेस थॉर्नली हसून हसून लाल व्हायच्या. मला हसू यायचं नाही. मला वाटायचं, बरोबर आहे, हिचा पण सगळा कारभार चोरूनच. मी रात्री अंथरुणात पडून तिच्याशी बोलायची, की तू कधी पकडली गेलीस का गं?

त्या हिवाळ्यात बाईंनी ठरवलं की मार्चमधल्या एका रविवारी चॅपलच्या हॉलमध्ये फक्त एलायझाचं संगीत ठेवायचं. दोघीतिघी गाणार, आणि मी तिचा ‘हिवाळ्यातला पाळणा’ वाजवणार. चार पानांचा तुकडा. तो तिनं लिहिला तेव्हा तिची धाकटी मुलगी घटसर्पानं आजारी होती आणि तिच्या खोलीत जायची आईलाही मनाई होती. एलायझा खाली बसून वर चाललेला श्वास ऐकायची. पहिली तीन पानं तेच आहे, डाव्या हातात श्वास आणि उजव्यात अर्धवट म्हटलेला पाळणा. सगळे सूर उदास, आपल्या भाषेत गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. मिसेस थॉर्नलींनी ती तीन पानं मला वाजवून दाखवली. चौथं मात्र दाखवेनात. म्हणाल्या, मुलीचं काय झालं ते चौथ्या पानावर आहे. पहिली तीन झोपेतही आली पाहिजेत, मग ते ऐकवीन. जगात त्याचं रेकॉर्डिंग नव्हतं. छापील प्रत त्यांच्याकडे एकच होती, तरुणपणी अमेरिकेहून आणलेली.

जानेवारीच्या शेवटी आमच्या चढावावर डोळ्यांना न दिसणारं काळं बर्फ धरलं आणि मिसेस थॉर्नली कचऱ्याची गाडी यायच्या आधी कचऱ्याचा डबा बाहेर काढताना घसरल्या. खुबा मोडला, उजवं मनगट मोडलं. मी आईबरोबर त्यांना वॉर्डात भेटायला गेले. चष्म्याशिवाय त्या कुणीतरी वेगळ्याच दिसत होत्या. तिथून त्यांना बरं होईपर्यंत समुद्रकाठच्या स्कारबरो गावी त्यांच्या मुलीकडे नेणार होते, थेट कार्यक्रमाच्या दिवशी आणणार होते. आई म्हणाली कार्यक्रम पुढे ढकला. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मुलीकरवी घरून मागवलेलं, पाळण्याच्या प्रतीचं जुनं पिवळं पाकीट उशीखालून त्यांनी डाव्या हातानं ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं.

‘चौथं पान आता तुझं तू बघ, लव्ह,’ त्या म्हणाल्या. ‘नशीब माझं, तुला वाचता येतं.’

पुढचे दहा दिवस मी कशी जगले ते माझं मला माहीत. ते पान मी दप्तरात घालून फिरायची. उघडलं की मुंग्यांची रांग फुटून पळतेय असं दिसायचं. शाळेतल्या म्युझिकच्या सरांना विचारावं तर तेच सर त्या रविवारी गाणाऱ्या बाईंना साथ करणार होते, म्हणजे पाच मिनिटांत स्कारबरोला फोन. कचऱ्याच्या गाडीचा आवाज आला तरी दचकायची. बाई परत आल्या, मी गप्प बसले, त्यांनी झाकण बंद केलं, हे मी रोज मनात नव्यानं बघायची. शेवटी एका संध्याकाळी पेटीपुढे बसून रडताना बाबांनी मला धरलंच.

‘काहून रडून राहिली?’ ते म्हणाले. बाबा चिंतेत असले की नागपूर बाहेर यायचं. मी सगळं सांगितलं, दोन वर्षांचं. आईला सांगू नका अशी शपथ घातली. वाटलं होतं की मोठा तमाशा होईल. बाबांनी ते पान दिव्याखाली धरलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, कोणीतरी कोड लिहिलाय, दुसऱ्या कोणाला वाचता येतो, म्हणजे आपल्यालाही येईल. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून ‘नवशिक्यांसाठी’ असलेलं एक पातळ पुस्तक आलं. ऑफिसातून आले की चहा घ्यायचे आणि टेबलावर फूटपट्टी, पेन्सिल आणि लांब वही घेऊन बसायचे. कुठली रेघ कुठला सूर, एकेक ठिपका मोजून त्यांनी ते पान आमच्या सारेगममध्ये उतरवलं, उजवा हात वरच्या ओळीत, डावा खालच्या. आईला सांगितलं ऑफिसचं काम आहे. इतकं मन लावून त्यांनी ऑफिसचं काम केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

एकाच जागी ते अडले. चौथ्या पानाच्या सुरुवातीला दोन उभ्या रेघा होत्या आणि त्यांच्यापुढे तीन चिन्हं, तिन्ही कोमल सूर रद्द करणारी. शिवाय त्यापुढच्या ओळींना सुरुवातीची कोमलची खूणच नव्हती. बाबांनी वाचलं, पुस्तकाशी ताडलं, पुन्हा वाचलं आणि मान हलवली. एका गाण्यात शेवटी शेवटी तिन्ही सूर एकदम शुद्ध कसे होतील? एकदा राग मांडला की मांडला, शेवटपर्यंत तेच स्वर. हे त्यांना त्यांच्या गुरुजींनी वेळूच्या छडीनं शिकवलं होतं. आपल्या दृष्टीनं ते खरंच होतं. ही छपाईची चूक, त्यांनी जाहीर केलं. शंभर वर्षांपूर्वीचे छापखान्याचे खिळे, ते जुळवणारा डुलक्या घेत असेल, पुढच्या ओळींना खुणा लावायच्याही विसरला बघ. चूक सापडली म्हणून स्वारी इतकी खूष झाली की त्यांनी मला दोन बिस्किटं दिली. मी कशाला शंका घेऊ? मला तर बाबा देवासारखे भेटले होते.

मी किल्लीनं दार उघडून त्या थंड घरात रोज ते चौथं पान वाजवलं. उदास तीन पानांनंतर आणखी उदास एक. डाव्या हातातला श्वास लांब लांब होत जातो आणि थांबतो. पहिल्यांदा सगळं नीट जुळलं तेव्हा मी थिजून बसले. म्हणजे मुलगी गेली. म्हणून बाई आधी सांगत नव्हत्या. मी एलायझासाठी रडले, तिच्या त्या पोरीसाठी रडले, आणि मग इतक्या ठामपणे ते वाजवायला लागले की एकदा तिथे ऐकायला आलेल्या बाबांनाही डोळे पुसावे लागले. तुमची ती एलायझा मोठी बाई होती, ते म्हणाले.

रविवारी दुपारी चॅपलच्या हॉलमध्ये पंचवीसतीस माणसं कोट न काढता बसली होती, हीटर नावाला होता. आईनं चहाबरोबर द्यायला नारळाच्या वड्या आणल्या होत्या. मिसेस थॉर्नलींना व्हीलचेअरवरून पहिल्या रांगेत आणलं. मनगटाला पट्टा होता, बोटं सुजलेली, पण ओठांना लिपस्टिक होती, ती मी पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी मला लांबूनच मान डोलावली. मी बाक पुढे ओढला आणि पाय पेडलवर ठेवला. छापील कागद समोर होता आणि वही माझ्या डोक्यात. तीन पानं झाली. चौथं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मागे व्हीलचेअरचं चाक करकरलं, कुणीतरी एकदम पुढे वाकल्यासारखं. मला वाटलं त्यांना रडू आलं. मी आणखी जीव ओतला, आणि त्या मुलीचा श्वास थांबवला.

टाळ्या झाल्या. छान झाल्या, एकदोघी नाक पुसत होत्या. मिसेस थॉर्नली टाळ्या वाजवत नव्हत्या. मनगटामुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण त्यांचा चेहरा वेगळंच सांगत होता. लोक चहाकडे वळले. त्या काही बोलणार, तेवढ्यात बाबा पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत ती वही, तोंडभर हसू. मला काय होणार ते दिसलं.

‘मॅडम, तुमच्या कॉपीत चौथ्या पानावर प्रिंटिंग मिस्टेक होती,’ बाबा म्हणाले. ‘मी ती दुरुस्त करून दिली.’

आणि त्यांनी वही उघडून बाईंच्या मांडीवर ठेवली. मिसेस थॉर्नलींनी ती देवनागरी अक्षरं पाहिली, पान उलटलं, परत आणलं. मग वहीवरून मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

‘रेवा, तुला वाचता येतं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कधीच येत नव्हतं.’

गंमत बघा, दोन वर्षं ज्या क्षणाला भ्यायले तो आला, आणि मला त्याची भीती वाटलीच नाही. मला बाबांसाठी भीती वाटली. त्यांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, त्यांना अजून कळलं नव्हतं, आणि आता ही बाई पंचवीस माणसांत त्यांना सांगणार होती. मी घाईघाईनं म्हणाले की चूक माझी आहे, बाबांनी नुसती मदत केली. मिसेस थॉर्नलींनी माझं ऐकल्याचं दाखवलं नाही. बाबांना म्हणाल्या, मला जरा पियानोपाशी न्या. बाबांनी अगदी जपून खुर्ची ढकलली. बाईंनी आपला धड असलेला डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि चौथ्या पानाचा नुसता उजव्या हाताचा पाळणा वाजवला, हळू, एलायझानं लिहिला तसा.

गंधार शुद्ध लागला. मग धैवत, मग निषाद. अंधाऱ्या खोलीचा पडदा कुणीतरी ओढावा तसं झालं, आणि तो पाळणा, जो तीन पानं अर्धवटच तुटत होता, तो पहिल्यांदा पूर्ण म्हटला गेला. मला सगळं कळलं. खुर्चीच्या मुठीवर बाबांचे हात होते, तिकडेच मी बघत होते. बोटांची नखं पांढरी झाली होती. मग त्यांनी इंग्रजीत, शब्द जुळवत विचारलं, ‘म्हणजे मुलगी जगली?’

‘जगली,’ मिसेस थॉर्नली म्हणाल्या. ‘एक्क्याऐंशीव्या वर्षी तिनं मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. ही प्रत तिनंच मला दिली.’

पुढे त्यांनी माझ्यासमोर हात पसरला, आणि मला न सांगता समजलं. मी कोटाच्या खिशातून किल्ली काढून दिली. ती त्यांनी पर्समध्ये टाकली. पर्स बंद झाल्याचा तो टच्च आवाज आजही, म्हणजे मी बाबांच्या तेव्हाच्या वयाची झाले तरी, माझ्या छातीत वाजतो. त्यांनी सांगितलं की महिन्याभरात त्या घरी येतील, मग शनिवारी दहाला ये, इतरांसारखी बेल वाजवून, आणि एका रेघेपासून सुरू करू. त्या हसल्या नाहीत. किल्ली पुढे मला कधी मिळाली नाही, आणि ते योग्यच होतं.

आम्ही चढाव चढून घरी निघालो. आईला सगळं समजलं होतं आणि ती वड्यांचा रिकामा डबा छातीशी धरून आमच्या पुढे चालत होती. आमच्या फाटकापाशी बाबा थांबले.

‘पाच आठवडे मी त्या एलायझाच्या पोरीला रोज मारून राहिलो होतो, रेवा,’ ते म्हणाले.

आत गेल्यावर त्यांनी कोटही काढला नाही. दिवा लावला, वही उघडली. कोमल सुराखाली आडवी रेघ असते आमच्या लिपीत. चौथ्या पानावर अशा किती रेघा असतील कोण जाणे. बाबा खोडरबर घेऊन बसले आणि एकेक रेघ पुसू लागले, कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हातानं तो दाबून धरत. आईनं जेवायला दोनदा हाक मारली. मी शेजारी बसून वहीवरचा चुरा फुंकत राहिले.